मुख्यार्थाचा बाध : मराठी साहित्यातील 'क्लैब्य' आणि आपले वाचन

१.

विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' पदव्युत्तर वर्गाला शिकवीत असताना तिसऱ्या अंकाशी आलो की वर्गात एका विशिष्ट प्रकारची शांतता पसरते, असा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. ही शांतता शोकात्म उत्कर्षबिंदूपाशी येणारी नव्हे. ती खाली घातलेल्या मानांची शांतता असते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीतून आणि भोवतालच्या खेड्यांतून येणारी ही मुलेमुली पहिल्या अंकातील शिवीगाळ सहज पचवतात, चंपाने आपल्या नवऱ्याला बडवण्याचा प्रसंग तर हसत ऐकतात. मात्र लक्ष्मी परत आल्यानंतर सखारामचे शरीर त्याला साथ देईनासे होते, या एका गोष्टीपाशी सगळे पुस्तकात पाहू लागतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने ही शांतता मोडली. त्याने विचारले, "सर, सखारामला हे जे होतं, तो आजार आहे की शिक्षा?"

मी तत्काळ उत्तर दिले की ते प्रतीक आहे. पुरुषी अहंतेच्या पराभवाचे, सत्तेच्या पोकळपणाचे वगैरे. विद्यार्थी खाली बसला. उत्तर परीक्षेच्या दृष्टीने बिनचूक होते. पण प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, कारण त्याने दोन पर्याय दिले होते आणि मी तिसराच उचलला होता. हा तिसरा पर्याय आपल्याला इतक्या सहजी का सुचतो, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लक्षणाव्यापाराची चर्चा करताना मम्मटाने तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी अथवा प्रयोजन. यांतील पहिली अट कळीची. 'गंगेवर गवळीवाडा' असे म्हटल्यावर प्रवाहावर वाडा वसू शकत नाही, म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो. मुख्यार्थ जेथे नीट लागू होतो तेथे लक्षणेकडे धाव घेण्याचे कारण नसते. सखारामच्या बाबतीत मुख्यार्थाला कोणता बाध आहे? संहितेत काहीही नाही. चाळिशीपुढचा, दारूचे प्रमाण वाढलेला, एकाच घरात दोन स्त्रियांच्या नजरेखाली राहणारा पुरुष शय्येवर असमर्थ ठरतो, हे जगात नित्य घडते. बाध संहितेत नसून आपल्या संकोचात आहे. मुख्यार्थबाध नसताना केलेली लक्षणा म्हणजे शुद्ध पलायन, असे माझे म्हणणे आहे आणि या पलायनाची परंपरा बरीच जुनी आहे.

२.

'क्लैब्य' हा शब्द सुशिक्षित मराठी माणसाला प्रथम भेटतो तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायात. तेथे तो लाक्षणिकच आहे. युद्धभूमीवर हातातले धनुष्य गळालेल्या अर्जुनाला उद्देशून तो आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ शारीर नाही हे उघड आहे. पण याच भाषेत, वैद्यकाच्या ग्रंथांत, हा शब्द पूर्णपणे वाच्यार्थाने नांदत होता. चरकाने क्लैब्याचे चार प्रकार मानले : बीजाच्या उपघाताने होणारे, ध्वजाच्या उपघाताने होणारे, जरेमुळे होणारे आणि शुक्रक्षयाने होणारे. शुक्रक्षयाची कारणे देताना चिंता, शोक, क्रोध, भय यांची नोंद तो करतो. सुश्रुत तर 'मानस क्लैब्य' असा स्वतंत्र प्रकारच मांडतो आणि अप्रिय स्त्रीशी आलेला संबंध हे त्याचे एक कारण देतो. चरकाच्या वाजीकरण प्रकरणात औषधींच्या लांबलचक याद्या आहेत हे खरे. पण श्रेष्ठ वाजीकरण म्हणून त्याने निवड केली आहे ती मन प्रसन्न करणाऱ्या स्त्रीची. ही दृष्टी पुरुषकेंद्री आहे, यात वाद नाही. तरीही तीत धिक्कार नाही. क्लैब्य ही तेथे व्याधी आहे, तिला हेतू आहेत, लक्षणे आहेत, साध्यासाध्यता आहे. ज्या प्रकरणात ज्वराला शिवी नाही, त्यात क्लैब्यालाही नाही.

हे दोन प्रवाह मराठीत आले तेव्हा वैद्यकाचा प्रवाह आटला आणि धिक्काराचा फोफावला. यात वसाहतकाळाचा वाटा मोठा आहे. इंग्रज सत्तेने 'मर्दानी' आणि 'नामर्द' जातिजमातींची जी उतरंड लावली, तिचा तपशील मृणालिनी सिन्हा यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. त्याआधी, १९८३ मध्ये, आशिष नंदी यांनी पुरुषत्व, नारीत्व आणि क्लीबत्व या तीन कल्पनांची वसाहतकाळात कशी फेरमांडणी झाली आणि क्लीबत्व हे नारीत्वाहूनही हीन कसे ठरले, याचे विवेचन केले होते. मराठी राष्ट्रवादी गद्यातील 'षंढ', 'नामर्द', 'बांगड्या भरा' ही भाषा या फेरमांडणीचीच मराठी आवृत्ती होय. स्वातंत्र्यानंतर ती राजकीय व्यासपीठावरून समीक्षेत आली. 'नपुंसक मध्यमवर्ग', 'षंढ पिढी', 'वांझोटी चर्चा', 'वंध्य प्रयोगशीलता' हे शब्दप्रयोग आपल्या नियतकालिकांच्या पानोपानी सापडतील. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी कबूल केलेले बरे : माझ्या स्वतःच्या प्रबंधात एका दशकातील कवितेला मी 'वांझोटी' म्हटले आहे. मार्गदर्शकांनी ते खोडले नाही, परीक्षकांनी हटकले नाही. माझ्या घरातल्या एका थोरल्या स्त्रीला मूल नव्हते आणि तो प्रबंध मी तिच्या पायांवर ठेवला होता, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

या शब्दांच्या लाक्षणिक वापराने आणखी एक घोटाळा केला आहे. उत्थापनाची अडचण, वीर्यातील दोष, अपत्यहीनता, समलिंगी ओढ, तृतीयपंथी असणे, बायकी हालचाली असणे, भित्रेपणा असणे या परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या सात गोष्टी आपल्या भाषेत एकाच शब्दाच्या पोटात कोंबल्या जातात. शय्येवर समर्थ असणारा पुरुष अपत्यहीन असू शकतो. असमर्थ असणाऱ्याचे वीर्य निर्दोष असू शकते. आनंद यादवांच्या 'नटरंग' (१९८०) या कादंबरीतील गुणा हा कुस्तीने कमावलेल्या अंगाचा, बायकामुले असलेला शेतमजूर आहे. तमाशात नाच्या म्हणून उभा राहताच गाव त्याच्यावर जी नावे चिकटवते, ती नेमकी या कोंबलेल्या शब्दाच्या पोटातून आलेली असतात. यादवांनी त्या नावांना बळी पडणारा माणूस दाखवला, हे त्या कादंबरीचे मोल. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (२०१२) या आत्मकथनानंतर तरी हा घोटाळा भाबडेपणाने चालू ठेवता येणार नाही. गंमत अशी की आपल्या व्याकरणात नपुंसकलिंगाला कसलाही कलंक नाही. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण लिहिले तेव्हापासून शाळकरी मूल 'ते घर', 'ते झाड' आणि स्वतःला लागू पडणारे 'ते मूल' बिनदिक्कत म्हणत आले आहे.

३.

मुख्यार्थाला मुख्यार्थ म्हणून वागवणारे मराठी गद्य अजिबातच नव्हते काय? होते. फक्त आपण त्याला साहित्याच्या इतिहासात जागा दिली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि मृत्यूपर्यंत चालवले. वाङ्मयेतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून, समाजसुधारकांच्या रांगेत येतो. गद्यशैलीच्या प्रकरणात येत नाही. ही चूक आहे, असे मला वाटते. हा मनुष्य गणिताचा प्राध्यापक होता आणि त्याच्या वाक्यांत गणिताची शिस्त आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. अवयवाचे नाव घेताना आवाज खाली जात नाही, वरही चढत नाही. कामविषयक मराठी लेखन एकतर शृंगारिक होते किंवा उपदेशपर. या दोहोंच्या मध्ये जी निर्विकार, माहिती देणारी भूमी असते, ती मराठी गद्यात कर्व्यांनी तयार केली. १९३४ मध्ये आलेले त्यांचे 'आधुनिक कामशास्त्र' या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

त्या मासिकातील प्रश्नोत्तरांकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले पाहिजे. प्रश्न विचारणारा नाव लपवतो, आपल्या शरीराची हकिकत सांगतो. उत्तर देणारा ती हकिकत सोडवणुकीच्या पातळीवर नेतो. पत्रकर्त्याच्या मनात बहुधा पाप, शाप, 'लहानपणीच्या चुका' यांची भाषा असते. उत्तरकर्ता ती शांतपणे बाजूला सारतो. हस्तमैथुनाने पुरुषत्व जाते ही समजूत त्यांनी निराधार ठरवली. कामसुखावर स्त्रीचा हक्क पुरुषाइतकाच आहे, ही भूमिका तर त्यांनी आयुष्यभर मांडली. सत्तेला हा प्रकार केवढा झोंबला, हे १९३४ च्या खटल्यातून दिसते. त्या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या खाजगी लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरच. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला. अश्लीलतेच्या मराठी चर्चेत आपण मर्ढेकरांवरच्या खटल्याला जेवढी पाने देतो, त्याच्या दशांशानेही या खटल्याला देत नाही, कारण मर्ढेकरांकडे प्रतिमा होत्या आणि कर्व्यांकडे केवळ विधाने. प्रतिमेचा बचाव सौंदर्यशास्त्र करते. विधानाच्या बचावाला कोण येणार?

कर्व्यांनी ज्या भीतीशी झुंज घेतली तिचे वैद्यकीय नामकरण त्यांच्या पश्चात झाले. १९६० मध्ये डॉ. एन. एन. विग यांनी 'धात सिंड्रोम' ही संज्ञा योजली : वीर्य लघवीवाटे किंवा स्वप्नात जाते, त्यामुळे शरीर खंगते आणि पुरुषत्व नष्ट होते, अशा समजुतीने येणारी चिंता, थकवा आणि पुढे खरोखरीची असमर्थता. हा विकार वाङ्मयाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे, कारण तो बऱ्याच अंशी शब्दांनी घडवलेला आहे. 'धातू' या आयुर्वेदीय संज्ञेचा अर्थ लोकभाषेत घसरला आणि त्या घसरलेल्या अर्थाने माणसे आजारी पडू लागली. संहितेने देह बदलल्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना रस्त्याकाठच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'खोई हुई ताकत' असली अक्षरे मी लहानपणापासून वाचत आलो आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींना मनाई केलेली आहे. भिंतींनी तो कायदा वाचलेला दिसत नाही. डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन'ने मराठी घरांत या भिंतींना तोंड देणारे एक पुस्तक ठेवले, आणि मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु ग्रंथालयात प्रभूंचे पुस्तक बहुधा कपाटाच्या आत, चिठ्ठी देऊन मागण्याच्या विभागात सापडते. कविता उघड्या फळीवर असते.

४.

आता सखारामकडे वळू. प्रथम एका आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. नाटकातील पात्राचे निदान करणे हा समीक्षेचा प्रमाद आहे, हे एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्येच लेडी मॅकबेथला मुले किती, हा प्रश्न उपरोधाने विचारून दाखवून दिले. सखारामच्या रक्तात साखर किती होती, हे विचारण्यात अर्थ नाही. सखारामला रक्त नाही. परंतु संहितेने जे तपशील स्वतः पुरवले आहेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष करून थेट प्रतीकाकडे जाणे हाही प्रमादच. डॉक्टर आपल्या रुग्णाला जे प्रश्न विचारतो ते असे : हे केव्हापासून? एकाएकी की हळूहळू? नेहमी की विशिष्ट परिस्थितीत? दारू, तंबाखू, इतर औषधे? घरात काही बदल? तेंडुलकरांची संहिता यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे देते, आणि तीही चकित करणाऱ्या नेमकेपणाने.

सखारामची अडचण आजन्म नाही. लक्ष्मीच्या आधीच्या बायकांशी आणि लक्ष्मीशी त्याचे संबंध होते. चंपाशीही सुरुवातीला होते. अडचण सुरू होते ती लक्ष्मी अमळनेरहून परत आल्यावर. चंपाच्याच सांगण्यावरून तिला घरात थारा मिळतो आणि चंपाच घराची वाटणी ठरवते : स्वयंपाकपाणी लक्ष्मीचे, सखारामची शय्या आपली. १९१२ मधील एका निबंधात फ्रॉइडने मानसिक असमर्थतेचे जे स्वरूप वर्णिले, त्यात प्रेम आणि वासना यांची दोन स्त्रियांत फाळणी होते. जिच्याविषयी आदर तिच्याशी संबंध अशक्य आणि जिच्याशी संबंध शक्य तिच्याविषयी आदर नाही. तेंडुलकरांनी ही फाळणी सखारामच्या मनात न ठेवता दोन खोल्यांच्या नेपथ्यात उभी केली आहे. एकीकडे पोथी, देव आणि सखारामच्या नावाचे मंगळसूत्र मिरवणारी लक्ष्मी, दुसरीकडे चंपा, आणि मध्ये एक भिंत. फ्रॉइडची चौकट येथे इतकी चपखल बसते, की तीवर थांबण्याचा मोह होतो.

तो टाळला पाहिजे, कारण फ्रॉइडच्या चौकटीत शरीर नाही. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक वेगळी गोष्ट मांडली. एकदा अपयश आले की पुरुष पुढच्या वेळी संभोगात सहभागी होत नाही, तो स्वतःचाच प्रेक्षक बनतो; 'आता होईल ना?' अशा नजरेने आपल्या अवयवाकडे पाहतो आणि त्या पाहण्यामुळेच पुन्हा अपयशी ठरतो. त्यांनी सुचवलेली उपचारपद्धतीही यातूनच आली : काही काळ संभोगालाच मनाई, फक्त स्पर्श, तोही कोणतेही लक्ष्य न ठेवता, आणि उपचार एकट्या पुरुषाचा नव्हे तर जोडप्याचा. शीघ्रपतनासाठी जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये सुचवलेली थांबून थांबून पुढे जाण्याची रीतही याच धर्तीची आहे. यशाची घाई काढून घेणे हे या सगळ्याचे मर्म. सखाराम याच्या नेमके उलट करतो. तो दारू वाढवतो. दारू संकोच घालवते पण नसांचे काम मंदावते, हे दारुड्यांच्या बायकांना वैद्यकाच्या आधीपासून ठाऊक असते. छापखान्यातले त्याचे काम बिघडते. तो चंपावर चिडतो, मग लक्ष्मीवर. चंपा त्याला तोंडावर हिणवते. हे दुष्टचक्र संहितेत पायरीपायरीने वाढत जाते आणि त्यात कोठेही चमत्कार किंवा दैवी न्याय नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. सखाराम पहिल्या अंकापासून स्वतःचे वर्णन करीत आला आहे. आपण ढोंगी नाही, जे आहे ते उघड आहे, आपण कोणाच्या बापाला भीत नाही, हे तो प्रत्येक नव्या बाईला ऐकवतो. त्याचे पौरुष हे सतत उच्चारलेले पौरुष आहे. मृदंगावर थाप पडावी तसे. असा मनुष्य स्वतःचा प्रेक्षक आधीच झालेला असतो. तिसऱ्या अंकात फक्त त्याच्या प्रयोगाला प्रतिसाद मिळेनासा होतो. म्हणून मला वाटते की तेंडुलकरांनी असमर्थता शिक्षा म्हणून योजली नाही. शिक्षा बाहेरून येते. ही सखारामच्या जगण्याच्या पद्धतीतच वाढलेली, कारणांनी बांधलेली अवस्था आहे. आजार असे तिला म्हणायचे तर म्हणावे; पण तो आजार बरा होऊ शकला असता आणि त्या घरात तो बरा होण्याची एकही वाट उरलेली नव्हती, यातच नाटकाची भीषणता आहे. खुनाकडे आपण प्रतीकाची परिणती म्हणून पाहतो तेव्हा तो अटळ ठरतो. आजाराची परिणती म्हणून पाहिला तर तो टळू शकला असता, आणि टळू शकणारा खून अधिक असह्य असतो.

या अवस्थेचे वैद्यकातील नावही दरम्यान बदलले. १९९२ मध्ये अमेरिकेतील एका सरकारी परिषदेने 'असमर्थता' या अर्थाचा धिक्कारयुक्त जुना शब्द टाकून 'उत्थापनदोष' असा नेमका शब्द स्वीकारावा अशी शिफारस केली. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल बाजारात आले आणि मन की शरीर हा जुना वाद बराचसा निरर्थक झाला. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, काही नैराश्यनाशक औषधे यांचा यातील वाटा स्पष्ट झाला. उत्थापनाची अडचण ही हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते, हे कळले. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती गोळी घेणे जिवावर बेतू शकते, हेही कळले, जरी ती औषधाच्या दुकानांतून सर्रास मागितली जाते. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने तर शारीरिक आणि मानसिक अशी फाळणीच काढून टाकली. चरकाने बीज, ध्वज, जरा आणि चिंता यांना एकाच प्रकरणात बसवले होते, याची येथे आठवण होते. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे सुचवण्याचा हेतू नाही. वाजीकरणाच्या याद्यांवर आज कोणी विसंबू नये.

५.

'शारदा' (१८९९) या नाटकाबद्दल येथे दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. देवलांनी जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मांडला, परंतु भुजंगनाथाचे लग्न मोडते ते सगोत्रतेच्या मुद्द्यावर. वराच्या जरेचा शारीर अर्थ नाटकभर सूचित आहे, विनोदात आहे, शारदेच्या भयात आहे. निर्णायक क्षणी मात्र तो बाजूला होऊन गोत्र पुढे येते. मुख्यार्थ टाळण्याची रीत आपल्या सर्वांत धीट सामाजिक नाटकातही अशी आहे. आमच्या झाडीपट्टीत खडी गंमतीच्या फडावर बाईच्या वेषातला पुरुष जरठ नवऱ्याची जी टर उडवतो, तीत गोत्राची आडकाठी नसते. पण ती टर आहे; हसून झाल्यावर प्रेक्षक घरी जातो आणि आपल्या घरातली तीच गोष्ट कोणाला सांगत नाही.

१९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'गिधाडे'त हे बोलणे प्रथम एका स्त्रीच्या तोंडी आले. रमा रजनीनाथाशी बोलताना, मुलासाठी आपल्याला नवऱ्याने डॉक्टर, वैद्य, साधू यांच्या उंबऱ्यांवर कसे फिरवले ते सांगते आणि दोष आपल्या कुशीत नाही, दारूत भिजलेल्या बीजात आहे, असे ठाम म्हणते. मराठी नाटकात वांझपणाचा आरोप स्त्रीने असा कारणासह परतवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. त्या भाषणाला आपण 'काव्यात्म' म्हणतो. वस्तुतः ते वैद्यकीय इतिहासकथन आहे. तपासण्यांची यादी आहे, निष्कर्ष आहे. याच नाटकात माणिकच्या साडीवरील रक्ताच्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतला आणि तो डाग निळा करावा लागला. प्रयोगापूर्वी तसे जाहीर केले जाई. शासनाच्या हुकमाने घडवलेला मुख्यार्थबाध याहून स्वच्छ रूपात दाखवता येणार नाही. समीक्षा हाच निळा रंग स्वखुशीने वापरत आली आहे.

कायद्याची भाषा मात्र असा रंग देत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे बारावे कलम, प्रतिवादीच्या असमर्थतेमुळे संबंध न आल्यास विवाह रद्द करवून घेण्याची मुभा देते. न्यायालयात तो शब्द पुराव्याचा विषय होतो, वैद्यकीय तपासणीचा विषय होतो. घटस्फोटाच्या बातम्यांत मात्र तोच शब्द पुन्हा शिवी होऊन छापला जातो.

६.

माझ्या विद्यार्थ्याने सखारामविषयी विचारले, चंपाविषयी कोणीच विचारले नाही, मीही नाही. वास्तविक 'सखाराम बाइंडर'मध्ये कामजीवनातील अडचण दोघांना आहे आणि चंपाची आधीपासून आहे. सखारामला जवळ येऊ देण्यापूर्वी तिला दारू लागते. शुद्धीवर असताना तिचे शरीर त्याला नकार देते आणि हा नकार कोठून आला तेही संहिता सांगते : अजाण वयात आईकडून विकत घेतलेली मुलगी आणि तिच्या देहाचे हाल करणारा फौजदार नवरा. वैद्यकात या अवस्थेच्या आसपासची नावे आहेत. संबंधाच्या कल्पनेनेच योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाणे, वेदना होणे, यास १८६० च्या दशकात सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाने नाव दिले. २०१३ च्या अमेरिकन मानसविकारसूचीने ते वेदनेच्या व्यापक वर्गात विलीन केले. स्पर्शाचीच किळस येणे हे १९८७ च्या सूचीत स्वतंत्र निदान होते, २०१३ मध्ये ते काढले गेले. उपचार आहेत आणि ते सामान्यतः यशस्वी होतात : स्नायू सैल करण्याचे शिक्षण, रुग्ण स्त्रीच्या स्वतःच्या गतीने, स्वतःच्या हाताने, मानसिक आघाताची स्वतंत्र शुश्रूषा, आणि सर्वांत आधी, नकार देता येईल असे घर.

मराठीत या अवस्थांना काय म्हणतात? पुरुषाच्या अडचणीला आपल्याकडे शब्दांची रास आहे, बहुतेक शिव्यांच्या रूपात का होईना. स्त्रीच्या अडचणीला 'थंड' या एका विशेषणापलीकडे काही नाही, आणि ते विशेषणही नवऱ्याच्या तक्रारीचे आहे, तिच्या अनुभवाचे नव्हे. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) पासून स्त्रीच्या अतृप्तीविषयी मराठीत लिहिले गेले. पण अतृप्ती वेगळी आणि शरीराने घातलेली ही कडी वेगळी. चंपा तिला नाव देत नाही. ती फक्त आधी बाटली मागते, पिते, आणि मग सखारामला जवळ येऊ देते. लालन सारंगांच्या चंपाची चर्चा करताना पाहणाऱ्यांनी त्या पिण्याला बेफिकिरी म्हटले, रांगडेपणा म्हटले, मुक्तपणा म्हटले. पुढच्या सत्रात तिसऱ्या अंकाऐवजी दुसऱ्या अंकातील त्या पहिल्या पेल्यापाशी वर्गाला थांबवायचे मी ठरवले आहे.